अंड्याची मुदत आणि अंड्याचा भाव

(आकाशवाणीवरून केलेलें भाषण)

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांनीं भुंवया उंचावल्या असतील. इतिहासाच्या भाषणांत राजे असावेत, किल्ले असावेत, तह असावेत. तेथें अंड्याला काय स्थान, असें कोणी विचारील. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं अंडें चालत नाहीं, हेंहि मला ठाऊक आहे. तें खावें असा उपदेश करण्यासाठीं मी आलेलों नाहीं. परंतु ज्या घरांत अंडें शिजत नाहीं त्या घरानेंहि विचार करावा असा एक आर्थिक प्रश्न त्या कवचांत दडलेला आहे. त्याची हकीकत सांगावी, एवढाच माझा हेतु.

नाशिककरांना हा प्रश्न वस्तुतः नवा नाहीं. कांदा निघाला कीं आपला शेतकरी दोन गोष्टी पाहतो : लासलगांवचा आजचा भाव आणि आपल्या चाळींतील मोकळी जागा. चाळ असेल तर तो आजचा भाव नाकारूं शकतो. नसेल तर मिळेल त्या दरानें गाडी रिकामी करून परत फिरतो. द्राक्षांचेंहि तसेंच आहे. वेलीवरचें पिकलेलें द्राक्ष कोणासाठीं थांबत नाहीं. पण त्याचा बेदाणा झाला कीं तें वर्षभर थांबतें. माल ज्याच्याजवळ आहे त्याच्या हातीं भाव असतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षांत, थांबण्याची सवड ज्याच्याजवळ आहे त्याच्या हातीं भाव असतो. अंड्याच्या धंद्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे ही सवड मिळविण्याच्या धडपडीचा इतिहास होय.

अंडें बाहेरून गोट्यासारखें बंद दिसतें; पण तें तसें नसतें. त्याच्या कवचाला हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून आंतला ओलावा बाहेर जातो आणि बाहेरची हवा आंत शिरते. रुंद टोंकाकडची हवेची पोकळी दिवसेंदिवस वाढत जाते, पांढरा बलक पातळ होतो, आणि म्हणूनच जुनें अंडें पाण्यांत टाकलें असतां तरंगतें. आपल्या उन्हाळ्यांत ही सर्व क्रिया झपाट्यानें होते. पूर्वींचे लोक अंडीं चुन्याच्या निवळींत बुडवून ठेवीत, किंवा कवचाला तेलाचा हात फिरवीत. छिद्रें बुजवून चार दिवस अधिक मिळवावे, हाच त्यांतला हेतु असे.

आपल्याकडे त्या काळीं अंडीं विकणें याला धंदा म्हणावें असें स्वरूपच नव्हतें. खेड्यांतल्या अंगणांत चार-सहा कोंबड्या उकिरडा उकरून पोट भरीत. त्यांचीं अंडीं म्हणजे घरच्या बाईची मीठमिरचीपुरती मिळकत. फिरता खरीददार भुसा घातलेल्या टोपलींत तीं गोळा करी, आठवड्याच्या बाजारीं नेई, आणि तेथून तीं शहराकडे जात. कोंबडीनें अंडें दिल्यापासून गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंत किती दिवस गेले, हें कोणालाच नक्की सांगतां येत नसे. अशा अनिश्चिततेची किंमत व्यापारी आपल्या खिशांतून देत नसतो. ती खरेदीच्या दरांतून आधींच वजा होते. १९३७ सालीं शेतमालाच्या प्रतवारीचा कायदा झाला आणि ‘अ‍ॅगमार्क’ची खूण प्रचारांत आली. १९३८ सालीं हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील अंड्यांच्या विक्रीसंबंधीं एक सरकारी अहवालहि प्रसिद्ध झाला. अंडें हा बाजारांतला माल आहे आणि त्याच्या विक्रींत कांहीं व्यवस्था पाहिजे, ही जाणीव सरकारदरबारीं पोंचल्याची ही साक्ष.

याच्याहि पुष्कळ आधीं चीनमध्यें निराळाच प्रकार घडला होता. तेथल्या शेतकऱ्याची कोंबडी आपल्या कोंबडीसारखीच अंगणांत हिंडणारी होती, आणि तोहि आपल्याइतकाच गरीब होता. पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शांघाय, हांको यांसारख्या बंदरांच्या गांवीं परदेशी व्यापाऱ्यांनीं अंडीं फोडून तीं वाळविण्याचे, आणि पुढें गोठविण्याचे कारखाने काढले. खेडोपाडीं गोळा झालेलीं अंडीं नद्यांच्या वाटेनें तेथें येत, आणि त्यांचा बलक युरोप-अमेरिकेंतील पाव-बिस्किटांच्या भट्ट्यांपर्यंत जाई. नफ्याचा मोठा वाटा परकीयांच्या पदरीं पडला, यांत संशय नाहीं. तथापि अंड्याचें कवच काढून त्याला मुदतीच्या बंधनांतून सोडवितां येतें, ही गोष्ट त्या कारखान्यांनीं जगाला दाखवून दिली.

ती जगाला पुरती पटली दुसऱ्या महायुद्धांत. जहाजांत जागा अपुरी, वाटेंत पाणबुड्यांचें भय, आणि इंग्लंडांत अंड्यांचा दुष्काळ. अशा वेळीं अमेरिकेनें अंड्यांतलें पाणी काढून उरलेली भुकटी तेवढी जहाजांत भरली. १९४२ पासून इंग्लंडांतल्या घरोघरीं ह्या भुकटीचे पुडे शिधापत्रिकेवर मिळूं लागले. एका पुड्यांत बारा अंड्यांचा ऐवज असे. १९४४ सालीं अमेरिकेंत अशी भुकटी ३० कोटि पौंडांहून अधिक तयार झाली. युद्ध संपल्यावर लोकांनीं ती चव आनंदानें विसरून टाकली. कारखाने मात्र विसरले गेले नाहींत. बिस्किटें, केक, शेवया, मेयोनेझ करणाऱ्यांना फोडलेलें, गाळलेलें, जंतुरहित अंडें अधिक सोयीचें वाटूं लागलें. १९७० सालीं अमेरिकेनें अंड्यांवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांवर सरकारी तपासणी सक्तीची करणारा स्वतंत्र कायदाच केला.

ही प्रक्रिया म्हणजे काय, तें थोडक्यांत सांगतों. आलेलें अंडें धुतात, दिव्यासमोर धरून तपासतात, यंत्रानें फोडतात, आणि हवा असेल तर पांढरा व पिवळा बलक वेगळा काढतात. मग तो गाळून तापवितात. येथेंच खरें कसब आहे. बलक साधारण साठ-पासष्ट अंश सेंटिग्रेडच्या आसपास गोठूं लागतो, आणि रोगजंतु मारण्यासहि तितक्याच उष्णतेजवळ जावें लागतें. म्हणून सबंध अंड्याचा बलक ६० अंशांवर सुमारें साडेतीन मिनिटें ठेवून लगेच थंड करण्याची रीत अमेरिकेंत रूढ झाली. पांढऱ्या बलकांत थोडी अंगची साखर असते. ती आधीं काढून टाकली नाहीं तर भुकटी साठवणींत तांबूस पडते. शेवटीं हा बलक गरम हवेच्या उंच कोठींत बारीक फवाऱ्यानें सोडतात. पाणी उडून जातें आणि खालीं भुकटी पडते.

आतां जरा गणित करूं. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला तेवढी सवलत असावी. एका अंड्यांत बलक भरतो सुमारें ४५ ते ५० ग्रॅम, आणि त्यांत जवळजवळ तीन-चतुर्थांश पाणी. म्हणजे कामाचा भाग राहिला ११-१२ ग्रॅम. याचा अर्थ असा कीं एक किलो भुकटीला ८० ते ९० अंडीं लागतात. अंड्यामागें दहा पैसे वाढले तर किलोमागें आठ-नऊ रुपये वाढतात. म्हणून हा कारखाना जेथें अंडीं पुष्कळ, एकाच भागांत आणि स्वस्त मिळतात तेथेंच उभा राहतो. हें गणित आपण लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९५०-५१ सालीं सबंध भारतांत अवघीं १८३ कोटि अंडीं झालीं. माणशीं वर्षाला पांच. १९६० च्या सुमारास केंद्र सरकारनें मुंबई, बंगळूर, भुवनेश्वर इत्यादि ठिकाणीं कोंबड्यांच्या पैदाशीचीं केंद्रें काढलीं. पुढें परदेशी जातींचीं पिल्लें, पिंजऱ्यांची पद्धति, तयार खाद्य आणि रोगप्रतिबंधक लशी आल्या. १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं हैदराबाद येथें व्यंकटेश्वर हॅचरीज ही संस्था काढली, आणि पुढें तिचें मुख्य ठाणें आपल्या पुण्यास आलें. १९८०-८१ सालापर्यंत देशांतील अंडीं हजार कोटींवर गेलीं. अंगणांतली कोंबडी शेडमध्यें आली, आणि घरच्या बाईची मिळकत बँकेच्या कर्जावर चालणारा व्यवसाय झाली.

माल वाढला, पण सवड वाढली नाहीं. पिंजऱ्यांतली कोंबडी रोज अंडें देते. ती श्रावण पाळीत नाहीं, कीं नवरात्राचे दिवस मोजीत नाहीं. गिऱ्हाईक मात्र दोन्ही पाळतें. खाद्याचा खर्च एक दिवसहि थांबवितां येत नाहीं, आणि आजचीं अंडीं उचलल्याशिवाय उद्यांच्या अंड्यांना जागा नाहीं. ही अडचण शहरांतल्या मोठ्या व्यापाऱ्यांना पुरी ठाऊक होती. ते सांगतील तो भाव. १९८० नंतरच्या एक-दोन वर्षांत भाव उत्पादनखर्चाच्याहि खालीं गेले आणि कित्येकांनीं शेडला कुलूप लावलें. त्या वेळीं डॉ. राव व कांहीं कुक्कुटपालक यांनीं देशभर फिरून सुमारें तीनशें सभा घेतल्या, आणि १९८२ सालीं राष्ट्रीय अंडी समन्वय समिति कामाला लागली. अंडें आपलें, तर त्याचा भावहि आपणच ठरवावा, हा तिचा मंत्र.

तिची रीत साधी आहे. ठिकठिकाणचा साठा, मागणी आणि शेजारच्या बाजारांतली स्थिति पाहून प्रत्येक केंद्रासाठीं शंभर अंड्यांचा भाव रोज जाहीर करावयाचा. महाराष्ट्रांत पुणें व मुंबई हीं त्यांतील प्रमुख केंद्रें. मंदींत माल उचलून शीतगृहांत ठेवण्यासाठीं उत्पादकांनींच अ‍ॅग्रोकॉर्पेक्स ही कंपनी काढली. दूरचित्रवाणीवर रविवार-सोमवारचें यमक जुळवून रोज अंडें खाण्यास सांगणारी हिंदी जाहिरात आली. ती तर शाकाहारी घरांतल्या मुलांनाहि पाठ झाली. समितीचें मुख्य ठाणें आज पुण्यास असून पंचवीस हजारांहून अधिक कुक्कुटपालक तिचे सभासद आहेत. विक्रेत्यांनीं एकत्र येऊन भाव ठरवावा हें योग्य कीं अयोग्य, याविषयीं मतभेद आहेत. आणि जाहीर झालेला भाव शेवटल्या शेतकऱ्याच्या हातीं जसाच्या तसा पडतोच, असेंहि नाहीं. पण भाव काय आहे हें ज्याला सकाळींच समजतें तो शेतकरी, आणि व्यापारी सांगेल तें ऐकणारा शेतकरी, यांत फार अंतर आहे.

येथें दुधाची तुलना करण्याचा मोह होतो. आणंद येथें १९५५ सालींच म्हशीच्या दुधाची भुकटी करणारा कारखाना उभा राहिला. हिवाळ्यांत दूध वाढलें कीं तें वाळवावें, उन्हाळ्यांत आटलें कीं भुकटींतून भर घालावी. त्यामुळें सहकारी संघाला ‘आज दूध नको’ असें सभासदाला सांगावें लागलें नाहीं. दुधाला आधीं सवड मिळाली, म्हणून त्याचा भाव टिकला. अंड्याच्या बाबतींत क्रम उलटा झाला. भाव ठरविणारी संस्था आधीं आली. सवड देणारे कारखाने मागाहून आले, आणि आले तेहि दुसरीकडे.

१९९३ सालीं कर्नाटकांत ओव्होबेल फूड्स, आणि १९९५ सालीं तामिळनाडूंत इरोड येथें एस. के. एम. एग प्रॉडक्ट्स, अशा कंपन्या निघाल्या. त्यांची भुकटी व गोठविलेला बलक मुख्यतः परदेशीं जातो. इरोडच का, याचें उत्तर मघांच्या गणितांत आहे. शेजारीं नामक्कलसारखा अंड्यांनीं भरलेला प्रदेश आहे. शिवाय तामिळनाडू सरकारनें १९८९ पासून शाळेच्या भोजनांत अंडें दिलें. म्हणजे सणवार न पाहणारें एक कायमचें गिऱ्हाईक तेथल्या उत्पादकाला मिळालें. भाव समजतो, माल उरला तर कारखाना आहे, आणि दर आठवड्याला घेणारी शाळा आहे. असे तीन पाय मिळाल्यावर तिवई डगमगत नाहीं.

आपल्या राज्यांत काय स्थिति आहे? २०२३-२४ सालीं देशांत १४,२७७ कोटि अंडीं झालीं, माणशीं १०३. त्यांत आंध्र प्रदेश, तामिळनाडू, तेलंगण, पश्चिम बंगाल आणि कर्नाटक हीं पहिलीं पांच राज्यें. महाराष्ट्राचें नांव त्यांत नाहीं. २०२३ च्या जानेवारींत पशुसंवर्धन खात्याकडून सांगण्यांत आलें कीं राज्याला रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडीं लागतात आणि होतात एक ते सव्वा कोटि. उरलेलीं दक्षिणेकडून येतात. नाशिक जिल्ह्यानें कुक्कुटपालनांत नांव काढलें, पण तें मुख्यतः मांसासाठीं करारानें कोंबड्या वाढविण्यांत. येवला-मालेगांवकडे कोंबडीच्या खाद्याचा मका पिकतो. आपल्या शहरांत ट्रेमधून येणारें अंडें मात्र पुष्कळदां परराज्यांतलें असतें.

कोणी म्हणेल, जेथें अंडीं पुरत नाहींत तेथें प्रक्रियेचा विचार कशाला? वर्षाची बेरीज पाहिली तर हा आक्षेप खरा आहे. पण शेतकरी वर्षाच्या बेरजेवर जगत नाहीं, तो आठवड्यावर जगतो. याचा धडा आपल्याच नाशिक विभागानें घेतला आहे. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लूचा रोग आढळला. भारतांत त्याची ही पहिलीच नोंद. नवापूर हें अंड्यांच्या धंद्याचें गांव. तेथल्या लाखों कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, अंडीं नष्ट करावीं लागलीं. पुढच्याच महिन्यांत जळगांव जिल्ह्यांत रोग आढळला. जेथें रोग होता तेथें हें अटळच होतें. परंतु जेथें रोगाचा मागमूसहि नव्हता अशा दूरच्या गांवांतलीं निरोगी अंडींहि भीतीपोटीं कोणी घेईना. २०२१ च्या फेब्रुवारींत नवापूरवर पुन्हां तीच पाळी आली.

अशा वेळीं आंतरराष्ट्रीय पशुआरोग्य संघटनेचे नियम वाचण्यासारखे आहेत. सबंध अंड्याचा बलक ६० अंशांवर १८८ सेकंद राहिला तर त्यांतला ह्या रोगाचा विषाणु निष्क्रिय झाला, असें ते मानतात. रोगग्रस्त शेडमधला माल कारखान्यांत न्यावा, असा याचा अर्थ मुळींच नाहीं; तो पुरलाच पाहिजे. पण जें अंडें निरोगी असूनहि केवळ भयामुळें पडून राहतें, त्याला जवळपास एखादा तापविण्या-वाळविण्याचा कारखाना असता तर वाट मिळाली असती. शंभर मैलांवर शीतगृह आणि पांचशें मैलांवर कारखाना असेल तर पंधरा दिवसांच्या धान्याला तो उपयोगी पडत नाहीं, मग अंड्याला कसा पडावा?

मी प्रक्रियेला कल्पवृक्ष म्हणत नाहीं. अंडें महाग झालें कीं भुकटीचा कारखाना बंद ठेवावा लागतो. परदेशीं माल पाठवावयाचा तर औषधांचा अंशहि त्यांत राहतां कामा नये, आणि त्यासाठीं कोंबडीच्या खाद्यापासून शिस्त लागते. जिल्ह्याजिल्ह्याला कारखाना काढला तर साखर कारखान्यांच्या कांहीं दुःखद कहाण्या पुन्हां ऐकाव्या लागतील. पण एका विभागांतील उत्पादकांनीं मिळून एक शीतगृह, आणि शहरांतल्या बेकऱ्यांना पुरविण्यापुरती बलक तापविण्याची एक यंत्रणा उभारणें, हें काम द्राक्षांच्या आणि दुधाच्या संस्था चालविणाऱ्या जिल्ह्याला अशक्य नसावें.

राहिला तिसरा पाय, शाळेचा. डॉ. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेंत राज्याच्या आदिवासी भागांतल्या लहान बालकांना आठवड्यांतून चार दिवस अंडें किंवा केळें देण्याची व्यवस्था आहे, आणि आपले पेठ, सुरगाणा हे त्याच भागांतले तालुके. २०२३ च्या नोव्हेंबरांत राज्य सरकारनें सर्व शाळांच्या पोषण आहारांत आठवड्याला एक अंडें, व न खाणाऱ्यास केळें, देण्याचें ठरविलें. २०२५ च्या जानेवारींत मात्र त्यासाठीं स्वतंत्र पैसे देणें थांबविण्यांत आलें. शाळांनीं हवें तर लोकांच्या मदतींतून तें द्यावें, असें सांगण्यांत आलें. या निर्णयावर आहार, धर्म, खर्च अशा अनेक बाजूंनीं चर्चा झाली. एक बाजू मात्र फारशी कोणी मांडली नाहीं : कोंबड्या पाळणाऱ्याला लाभूं पाहणारें एक कायमचें गिऱ्हाईक त्या दिवशीं गेलें. ज्या गांवांत वर्गणी जमते त्या गांवच्या मुलाला अंडें मिळेल. ज्या गांवांत तें सर्वांत अधिक हवें तेथें वर्गणी जमण्याचा संभव सर्वांत कमी. वर्गांत हजेरी घेतलेल्या माणसाला हें समजण्यासाठीं आंकडे लागत नाहींत. दुपारच्या सुटीनंतर कोणतीं मुलें फळ्याकडे पाहतात आणि कोणतीं बाकावर डोकें टेकतात, हें त्यानें वर्षानुवर्षें पाहिलेलें असतें.

तात्पर्य एवढेंच. अंड्याचा भाव ठरविणारी देशव्यापी संस्था आपल्या पुण्यांत आहे; अंडें वाळवून परदेशीं धाडण्याची विद्या दक्षिणेंत रुजली; आणि भाव, साठवण व कायमची मागणी हीं तिन्ही एकत्र आणण्याचें काम आपल्याकडे अपुरें राहिलें आहे. चीनच्या शेतकऱ्याजवळ कारखाना होता पण भाव ठरविण्याचा अधिकार नव्हता. आपल्या शेतकऱ्याला १९८२ नंतर भाव ठरविण्याचा अधिकार मिळाला, पण थांबण्याची सवड मिळाली नाहीं. एक हातीं असून दुसरें नसलें म्हणजे पहिल्याचेंहि बळ जातें. कांद्याची चाळ बांधण्याचें महत्त्व नाशिकला कोणी शिकवावें लागत नाहीं. तेंच शहाणपण ह्या लहानशा पांढऱ्या वस्तूच्या कामीं यावें, एवढी इच्छा प्रकट करून आपली रजा घेतों.